नगरपरिषद शाळांचा पट घसरतोय : शाळा जोडण्याआधी काय पाहावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर समजेल. तालुक्याचं गाव, वस्ती 30 हजारांच्या आसपास. नगरपरिषदेच्या मराठी माध्यमाच्या पाच शाळा, पहिली ते पाचवी. यंदाचा पट 63, 58, 41, 34 आणि 28. दहा वर्षांत तो निम्म्याखाली आला. सहावी शाळा उर्दू, तिचा पट टिकून आहे. शिक्षण समितीच्या सभापती म्हणून तुम्हाला ठरवायचंय : शाळा एकत्र कराव्यात का, डिजिटल वर्गांवर पैसे घालावेत का, आणि गुणवत्ता सुधारली तर मुलं परत येतील का.

मी आधी शिक्षक होतो, मग केंद्रप्रमुख झालो आणि शेवटची वर्षं एका नगरपरिषदेच्या शिक्षण विभागात प्रशासन अधिकारी म्हणून काढली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो चुकीच्या पायावर उभा आहे. शिकवणं बिघडलं म्हणून मुलं गेली आणि सुधारलं की येतील, असं तुम्ही धरून चालला आहात. सभागृहातही सगळे हेच धरून बोलतात. प्रत्यक्षात पट आणि गुणवत्ता यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच सैल आहे.

मुलं शाळेत जातात का आणि त्यांना किती वाचता येतं हे पाहणाऱ्या ‘असर’ पाहणीचे देशाच्या ग्रामीण भागाचे आकडे घ्या. 6 ते 14 वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळेत असलेली मुलं 2018 मध्ये 65.6 टक्के होती. 2022 मध्ये ती 72.9 टक्के झाली आणि 2024 मध्ये पुन्हा 66.8 टक्क्यांवर आली. आता सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी किती, ते पाहा : 2018 मध्ये 20.9 टक्के, 2022 मध्ये 16.3 आणि 2024 मध्ये 23.4. म्हणजे पट सर्वांत जास्त होता तेव्हा वाचन सर्वांत कच्चं होतं, आणि वाचन सुधारलं तेव्हा पट उतरला. कोरोनाच्या काळात पालकांच्या हातात पैसा नव्हता, खाजगी शाळा बंद पडल्या होत्या, म्हणून मुलं सरकारी शाळेत आली. हात मोकळा झाला तशी परत गेली. शिकवणं कसं आहे याची चौकशी त्या येण्याजाण्यात फारशी कुणी केलीच नव्हती.

त्यामुळे पटाचा आकडा एकगठ्ठा वाचू नका, फोडून वाचा.

पहिला भाग जन्मांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण 2005-06 मध्ये 2.1 होतं, 2019-21 मध्ये 1.7 झालं. गावात मुलंच कमी जन्मतायत. खाजगी शाळांचेही पहिलीचे वर्ग हळूहळू रिकामे व्हायला लागलेत, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. इथे एक सावधगिरी. मुलं किती हे काढायला सभापतींची पहिली धाव नगरपरिषदेच्या जन्मनोंदणीकडे जाते, दप्तर हाताशीच असतं. पण नोंद जन्माच्या ठिकाणी होते. तालुक्याच्या गावात ग्रामीण रुग्णालय आणि खाजगी प्रसूतिगृहं असतात, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया तिथे बाळंत होतात, आणि उलट तुमच्या गावच्या सुना बाळंतपणाला माहेरी जातात. त्या नोंदवहीवरून पहिलीत किती मुलं यायला हवीत हे काढलंत तर आकडा फुगलेला येईल आणि गुरुजींना उगाच बोलणी बसतील. अंगणवाडी सेविकेकडची कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही वापरा. कोणत्या गल्लीत कोणतं मूल राहतं हे तिला तोंडपाठ असतं.

दुसरा भाग खरा महत्त्वाचा आणि त्याचा गुणवत्तेशी जवळजवळ संबंध नाही. तुमची शाळा पहिलीपासून सुरू होते, समोरची नर्सरीपासून. मूल तीन वर्षांचं झालं की दारात पिवळी व्हॅन येते. शेजारचा पोरगा टाय लावून जातो, आपलाही जातो. सहाव्या वर्षी, म्हणजे तुमचे शिक्षक ‘दाखलपात्र’ मुलांची यादी घेऊन घरोघर फिरतात तेव्हा, ते मूल तीन वर्षं दुसऱ्या शाळेत रुळलेलं असतं. आईबापांनी तुमची शाळा पाहून नाकारलेली नसते, ती कधी विचारातच आलेली नसते. या पालकांना तुमच्या शिष्यवृत्तीच्या निकालाचा फलक दाखवून काही उपयोग नाही.

तिसरा भाग पाचवीचा. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला प्राथमिक म्हणतो, पण आपल्याकडे अनुदानित हायस्कुलांत पाचवीचा वर्ग पूर्वापार आहे. त्या शिक्षकांच्या डोक्यावर अतिरिक्त ठरण्याची, म्हणजे मुलं कमी पडून पद जाण्याची, टांगती तलवार असते. मे महिन्यात ते चौथी झालेल्या मुलांच्या घरी जातात, बसचा पास, दप्तर, वह्या, काय काय देऊ करतात. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात पाचवीचा पट चौथीच्या निम्माच दिसतो. हा तुमच्या शाळेचा दोष नाही, पण शिक्षक किती मिळणार याच्यावर त्याचा थेट परिणाम होतो. त्याकडे पुढे येतो.

हे तीन भाग तुमच्या गावात किती-किती आहेत ते कार्यालयात बसून कळायचं नाही. शाळेत जाऊन दाखलखारीज रजिस्टर मागा, जनरल रजिस्टर म्हणतात तेच. एका ओळीत एक मूल : अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, सोडल्याची तारीख आणि इयत्ता, सोडण्याचं कारण. कारणाच्या रकान्यावर विसंबू नका. तिथे बहुतेक ओळींत ‘पालकांच्या अर्जावरून’ एवढंच असतं. सोडलं तो महिना आणि ती इयत्ता एकत्र वाचा. जूनमध्ये, पहिली किंवा दुसरी संपल्यावर गेलेलं मूल बहुधा इंग्रजी शाळेत गेलं. दिवाळीच्या पुढे-मागे गेलेलं मूल ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलं. चौथीनंतर गेलेलं हायस्कुलात.

आणि मग ‘आधीची शाळा’ हा रकाना वाचा. तो कुणीच वाचत नाही. तिसरी-चौथीत खाजगी शाळेतून तुमच्याकडे आलेली मुलं तिथे दिसतील. बापाचं काम सुटलं, फी थकली, किंवा तीन वर्षं होऊनही मुलाला धड मराठी वाचता येत नाही, धड इंग्रजी येत नाही, म्हणून आणून सोडलेली. मी पाहिलेल्या गावांत अशी मुलं शिक्षकांच्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघाली. या पालकांनी मात्र दोन्ही शाळा पाहिलेल्या असतात. शिकवण्याच्या दर्जावर पट अवलंबून असतो तो या दाराशी, आणि नेमकं इथेच आपण त्यांना हेलपाटे घालायला लावतो. ‘आधी दाखला आणा’ म्हणतो. जुनी शाळा थकलेल्या फीपायी दाखला अडवून धरते, मूल महिनाभर घरी बसतं. कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना माहीत असतं, पण सरकारच्या विद्यार्थी नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेने मूल सोडल्याशिवाय ते आपल्या पटावर दिसत नाही, म्हणून ते टाळतात. 30 सप्टेंबरपर्यंत ते नाव आपल्याकडे आलं नाही तर मूल आपल्या वर्गात बसतं आणि शिक्षकांच्या हिशेबात दुसऱ्याच्या नावावर राहतं. इथे सभापतींच्या एका फोनने काम होतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना अशा मुलांची यादी ऑगस्टमध्येच द्या.

आता शाळा जोडण्याचा प्रश्न. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी पायऱ्या आहेत : 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5, 150 च्या वर शिवाय एक मुख्याध्यापक, आणि 200 च्या पुढे दर 40 मुलांमागे एक शिक्षक, मुख्याध्यापक सोडून. राज्याचे स्वतःचे निकष असतात, 15 मार्च 2024 चा शासन निर्णय त्यातलाच, आणि ते बदलत राहतात. नवं पद मिळायला आणि असलेलं टिकवायला लागणारा पट सारखाच असेल असं धरू नका, ठरावाआधी चालू निकष शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. पण विचार कसा करायचा हे समजायला कायद्याच्या पायऱ्या पुरेशा आहेत.

तुमचे पाच आकडे या पायऱ्यांवर ठेवू. 63 ला 3 शिक्षक, बाकी चौघींना दोन-दोन, एकूण 11. पाचही शाळा एक केल्या तर पट 224, शिक्षक 6 आणि एक मुख्याध्यापक. चार पदं गेली. ‘एक मोठी आदर्श शाळा करू’ म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांपुढे हे गणित ठेवा. पगाराची बचत होईल, एवढंच त्यातून निश्चित होतं.

पण 63 आणि 58 च्या शाळा जोडल्या तर पट 121 होतो. आधी 3 आणि 2 मिळून पाच शिक्षक होते, जोडल्यावरही पाचच. एकही पद जात नाही आणि पाच इयत्तांना पाच शिक्षक मिळतात. आज 58 च्या शाळेत दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतायत. पहिली-दुसरी-तिसरी एका खोलीत आणि त्यातल्या तीन मुलांना ‘क’ आणि ‘ख’ मधला फरक कळत नाही, असा वर्ग चालवणं किती कठीण आहे ते बाहेरून कळत नाही. जोडल्यावर पहिलीच्या बाईंकडे फक्त पहिली, वीस-पंचवीस मुलं. मला विचाराल तर हे एकत्रीकरण डोळे झाकून करावं, दोन्ही इमारती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतील तर. फक्त 121 आणि 120 मध्ये एका पदाचा फरक आहे हे लक्षात ठेवा. पाचवीची दोन मुलं हायस्कूलने ओढली की पाचवा शिक्षक गेला. म्हणजे जोडण्याच्या त्याच वर्षी पाचवी टिकवण्याचं आणि नवी पहिली भरण्याचं काम करावंच लागेल.

34 आणि 28 जोडल्या तर 62, म्हणजे 3 शिक्षक. आज चार आहेत, एक पद जातं. बदल्यात पहिलीला स्वतंत्र शिक्षक मिळू शकतो, दुसरी-तिसरी आणि चौथी-पाचवी जोडवर्ग. एरवी मी यालाही कदाचित हो म्हटलं असतं. पण 28 ची शाळा राज्यमार्गापलीकडच्या वस्तीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. आपल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा 1 किलोमीटरच्या आत असावी असं आहे. कागदावर तुमचं अंतर त्यात बसतही असेल. पण ट्रकांची रांग चालू असलेला रस्ता सहा वर्षांची मुलगी एकटी ओलांडणार नाही, आणि तिला सोडायला येईल असं कुणी घरी नसतं, आई सातलाच कामाला गेलेली असते. त्या शाळेला हात लावू नका. ती जोडलीत तर तिथली निम्मी मुलं खाजगीत जाणार नाहीत, घरीच राहतील. राहता राहिली 41 ची, तिला आहे तशी चालू द्या. उर्दू शाळेचा यात विषयच काढू नका. माध्यम वेगळं आहे, आणि तो विषय निघाला की सभेत मूळ मुद्दा बाजूला राहतो.

निकालांकडे वळू. तुमच्या गावातल्या प्राथमिक शाळा कशा आहेत हे सांगणारी मोठी पाहणीच नाही, हे आधी समजून घ्या. ‘असर’ खेड्यांत होते, नगरपरिषदेचं गाव तिच्या बाहेर. 4 डिसेंबर 2024 ला झालेलं परख सर्वेक्षण, म्हणजे मुलांना काय येतं याची केंद्राची पाहणी, तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांवर आधारलेलं आहे, त्यातून जिल्ह्याचं चित्र मिळतं, गावाचं नाही. दहावीचा निकाल राज्यात 2024 ला 95.81 टक्के आणि 2025 ला 94.10 टक्के लागला. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे त्यावरून प्राथमिक शाळेबद्दल काय कळणार? शिष्यवृत्तीचे आकडे तुमच्या मुख्याध्यापकांनी अभिमानाने दाखवले असतील. त्यांना एवढंच विचारा की वर्गात मुलं किती आणि परीक्षेला बसवली किती. नऊ बसली, सात पात्र, हे छानच, पण वर्ग पंचवीसचा असेल तर उरलेल्या सोळांचं काय चाललंय हा तुमचा प्रश्न आहे.

मग पाहायचं कसं? स्वतः बसा. तिसरीतलं प्रत्येक मूल, एकेक करून, वर्गाबाहेर व्हरांड्यात, शेजारी गुरुजी नकोत. दुसरीच्या पातळीचा सात-आठ ओळींचा उतारा द्या, वर्गात शिकवलेला नको. मूल कधी कधी घडाघडा वाचतं आणि आपण खूश होतो. अशा वेळी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून तिथून वाचायला सांगा. पाठ म्हणणारं मूल तिथे थांबतं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जातं. जे खरंच वाचतंय पण अडखळतंय, ते कुठे अडखळतं ते लिहून ठेवा. ‘घर’, ‘पाणी’, ‘मामा’ जमतं आणि ‘रस्त्यावर’, ‘पुस्तक’, ‘प्रकाश’ ला गाडी अडते, म्हणजे जोडाक्षरं राहिलीत. हे दीड-दोन महिन्यांचं नेमकं काम आहे. काना-वेलांटीलाच अडतं, तर पहिलीचंच काम बाकी आहे, आणि त्याला तिसरीचं पुस्तक पुढे रेटण्यात अर्थ नाही.

गणिताला एकच उदाहरण पुरे : 52 वजा 37. उत्तर 25 लिहिणारी मुलं भरपूर सापडतील. त्यांनी एककात 7 मधून 2 वजा केले, दशकात 5 मधून 3. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्यांना कळलंय, दशक सुटा करून हातचा घ्यायचा असतो ते पोचलेलं नाही. हा मुलाच्या डोक्याचा प्रश्न नाही. एकक-दशकाच्या काड्यांचे गठ्ठे कपाटात राहिले आणि फळ्यावर थेट रीत शिकवली गेली, त्याची ही खूण.

हे करून आलेला आकडा वाचतानाही एक गोष्ट सांभाळा. समजा तिसरीत 40 मुलं होती, 20 ना वाचता येत होतं, म्हणजे निम्म्यांना. त्या वाचणाऱ्यांपैकी 10 दुसऱ्या शाळेत गेली, कारण तेच पालक जास्त धडपडे. उरली 30, वाचणारी 10. टक्का 50 वरून 33 वर आला. शिकवण्यात तसूभर फरक नाही, तरी सभागृहात ‘गुणवत्ता घसरली’ म्हणून ठराव येतो. म्हणून पहिलीपासून तुमच्याकडेच असलेली मुलं वेगळी मोजा, बाहेरून आलेली वेगळी. गुरुजींना जाब विचारायचा तो पहिल्या गटाबद्दल. दुसऱ्या गटासाठी त्यांना वेळ आणि मदत द्यायची. आणि आठ मुलांच्या वर्गाची टक्केवारी काढूच नका, एका मुलाने ती साडेबारा टक्क्यांनी हलते. नावं लिहा.

पैसे कुठे घालायचे, याला माझं उत्तर डिजिटल फळे नाही. ते वाईट म्हणून नव्हे. वीजबिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळांत भिंतीवर टांगलेले पडदे मी पुष्कळ पाहिले. बोर्ड एकदा घ्यायचा असतो, फोटो निघतो. बिल दर महिन्याला भरायचं असतं, त्याचा फोटो निघत नाही. शाळांची वीजबिलं नगरपरिषदेने थेट भरावीत असा ठराव आधी करा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का ते स्वतः नळ सोडून पाहा.

पैसा घालायचा तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर. पट घसरल्यामुळे तुमच्या शाळांत खोल्या रिकाम्या आहेत, आणि त्याच वॉर्डातली अंगणवाडी भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत भरते. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांशी बोलून ती शाळेच्या आवारात आणा. नव्या शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, त्यामुळे पत्रव्यवहाराला आधार आहे. जिथे ते जमत नाही तिथे नगरपरिषदेने आपल्या फंडातून मानधनावर दोन चांगल्या बाई नेमून शिशुवर्ग सुरू करावा. मुलं वयाच्या तिसऱ्या वर्षी त्या फाटकातून आत आली की सहाव्या वर्षी त्यांना आणायला जावं लागत नाही. फक्त त्या शिशुवर्गात दिवसभर एबीसीडी गिरवून घेणं सुरू झालं तर समोरच्या शाळेची स्वस्त नक्कल होईल. गाणी, गोष्टी, माती, मणी, पालकांना दाखवायला थोडं इंग्रजी बोलणं, ठीक आहे.

शिक्षकांच्या नेमणुकीत तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी जिल्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना सहज मिळत नाही. तुमचे शिक्षक नगरपरिषदेचे, बदली झाली तरी बहुधा गावातल्याच दुसऱ्या शाळेत. सगळ्यात जाणत्या बाई कुणाकडे आहेत ते विचारा. उत्तर येईल, वरच्या वर्गाला, शिष्यवृत्तीसाठी. आणि पहिलीला? नवखा शिक्षणसेवक, किंवा निवृत्तीला टेकलेले, किंवा बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम असलेले. हे उलटं करा. पहिलीला गावातली सर्वोत्तम शिक्षिका आणि दोन वर्षं तोच वर्ग तिच्याकडे. यावर शिक्षक कुरकुरतील, कारण पहिलीच्या वर्गाला सत्कार नसतो. तो तुम्ही सुरू करा.

सेमी-इंग्रजीबद्दल विचारलंय. नुसती ‘सेमी’ची पाटी लावून मुलं परत आलेली मी फारशी पाहिली नाहीत. गणित इंग्रजीतून शिकवायचं तर ते इंग्रजीतून बोलू शकणारा शिक्षक हवा. नाहीतर मूल ‘सबट्रॅक्शन’ हा शब्द शिकतं आणि 52 वजा 37 चं उत्तर 25 च राहतं. पहिलीपासून बोलण्याचं इंग्रजी नीट शिकवा आणि सेमीचा निर्णय शिक्षक कोण आहेत ते पाहून शाळानिहाय घ्या.

खाजगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांच्या प्रवेशाने आपला पट खाल्ला, असं तुमचे एक सदस्य म्हणतात. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या 1 किलोमीटर परिघातल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती 19 जुलै 2024 ला रद्द केली. गरिबाच्या मुलाला मिळालेला तो हक्क आहे, आणि तो काढून आपले वर्ग भरायचे हा विचार मला पटत नाही. शिवाय गावात अशा जागा एकूण किती आणि त्यातल्या भरल्या किती, हे त्या सदस्यांनाच काढून आणायला सांगा.

वाबळेवाडीसारखी नावाजलेली शाळा आपल्याकडे होईल का, असंही विचारलंय. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी आणि 2025 मध्ये जागतिक पुरस्कार मिळालेलं खेड तालुक्यातलं जालिंदरनगर, दोन्हींमागे तिथले शिक्षक दत्तात्रय वारे गुरुजी आणि एकजुटीने उभं राहिलेलं गाव. तिथून पालकांना शाळेत ओढून आणण्याची रीत जरूर शिका. पण ती एका वाडीची एकेक शाळा. तुमच्याकडे पाच आहेत. एकीला चकाचक केलंत तर तिचा पट वाढेल, तो बहुधा तुमच्याच इतर चौघींतून येईल, आणि त्यांच्या पायऱ्या घसरतील. म्हणून वाढ मोजताना नेहमी गावाची बेरीज घ्या.

शिक्षकांना ‘अमुक इतका पट आणाच’ असं लक्ष्य मात्र देऊ नका. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, आणि कागदावरची लाखो मुलं प्रत्यक्षात नाहीत हे उघड झालं. आधार आल्यापासून तसं करणं अवघड आहे, पण हजेरीत फुगवटा आजही करता येतो. लक्ष्य द्यायचंच तर दुसरी संपताना किती मुलं वाचतात याचं द्या.

कामाचा क्रम असा ठेवा. जानेवारीत अंगणवाडी सेविकांकडून वॉर्डवार यादी, अडीच ते सहा वर्षांची मुलं, कोण कुठे जातं. फेब्रुवारीत 63 आणि 58 च्या शाळांच्या पालकांची एकत्र बैठक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव घेऊन. त्या समित्यांत पाऊण सदस्य पालकच असतात, त्यांना डावलून एकत्रीकरण केलंत तर जूनमध्ये मुलं तिसरीकडेच जातील. शिशुवर्ग जूनपासून. तिसरीचं वाचन जुलैत एकदा आणि मार्चमध्ये एकदा. 30 सप्टेंबरचा पट दसरा-दिवाळीच्या आधीचा असतो, ऊसतोडीची कुटुंबं तेव्हा घरीच असतात. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, पाचही शाळांत एकाच सकाळी प्रत्यक्ष डोकी मोजून घ्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून जो फरक दिसेल त्या मुलांची नावं आणि ती कुठे गेली हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. अंदाजपत्रक फेब्रुवारीत येतं, आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी करायची असेल किंवा शिशुवर्गाच्या मानधनाची तरतूद, तर ही यादी त्याच्या आधी तुमच्या हातात हवी.